गाडी तर बाहेर होती

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या बहिणीवर बेतलं आणि मी तिथंच होतो.

मागच्या डिसेंबरातली संध्याकाळ. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापसाच्या गाठींचं एक गोदाम आहे. मी धर्मपाल, तिथं गाठी उचलायची, गॅसवरची फोर्कलिफ्ट चालवतो. माझी धाकटी बहीण नलू फाटलेल्या गाठी शिवायला नुकतीच लागली होती.

सिलिंडर बदलायचं तर गाडी उघड्यावर न्यायची, इंजिन बंद करायचं, कॉक फिरवायचा, मगच नळी सोडायची. गेल्या हंगामात रूपसिंग नावाचा ड्रायव्हर याच गोदामात, बाहेरून शटर पाडलेलं असताना, गळक्या गॅसनं गुदमरून गेला. तेव्हापासून हे कुणी चुकवत नाही.

मी गाडी अंगणात लावली. रिकामं सिलिंडर उतरवलं.

तेवढ्यात लाईट गेली.

आणि आतून वास आला...

गॅसचा.

कुणीतरी भरलेलं सिलिंडर आतच ठेवून दिलं होतं. अंधारात बारीक आवाज येत होता... स्स्स्स...

"नलू!"

ती आतच गाठी शिवत होती.

चौकीदार नानाजी टॉर्च घेऊन धावत आले.

"नानाजी, टॉर्च नका लावू! बाहेरचं मेन पाडा! लाईट आली तं सारं पेटून जाईन!"

मोबाईल बाहेर टाकला. श्वास रोखून आत शिरलो.

दोन्ही बाजूंना उंच गाठी. काही दिसेना. हा गॅस जमिनीलगत साचतो. नलू खाली पडली असेल तर...

"नलू, बोल ना वं! एकदा हो म्हण!"

दाराशी आलो, श्वास घेतला, पुन्हा शिरलो. हाताला नुसत्या गाठीच लागत होत्या. डोकं गरगरायला लागलं. आईला काय सांगू?

मग...

टी... टी... टी...

फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना वाजते तसं. पार शेवटच्या रांगेतून.

आमच्याकडे गाडी एकच. ती अंगणात उभी होती. सिलिंडरशिवाय.

मी आवाजामागे धावलो. हाताला केस लागले.

नलू!

पण ती जमिनीवर नव्हती... माझ्या छातीच्या उंचीवर, गाठींवर आडवी. कुणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखी.

ओढतच तिला बाहेर आणलं. नानाजींनी पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"दादा, त्या भाऊले काढलं का?"

"कोन्त्या भाऊले?"

"मले वर ठेवलं त्यानं. त्याले निघताच येऊन नाही राह्यलं, दादा... रडत होता. म्हणे, दार लावू नका."

नलूनं रूपसिंगला कधी पाहिलंही नव्हतं.

वास पुरता गेल्यावर नानाजी आणि मी आत गेलो. सिलिंडर सापडलं.

त्याचा कॉक घट्ट बंद होता.

आत कुणी नव्हतं.

नलूनं ते काम सोडलं. मला सोडता आलं नाही. आता शटर पाडण्याआधी मी आत तोंड करून विचारतो, "भाऊ, कोनी आहे का?"

बहुतेक दिवशी उत्तर येत नाही.