फर्मानावरचा दिवस

पूर्वेच्या डोंगरांवर धुके अजून अंथरलेलेच होते, नदीकाठचे बगळे एकेक करून उठत होते आणि राजवाड्याच्या देवदारी छपरावरून दव टपटपत होते. पण जपानचे तरुण सम्राट सेइगेत्सु ज्या दालनात शरदापासून नजरकैदेत होते, तिथे पहाट झाल्याचे कळे ते केवळ पहारा बदलताना होणाऱ्या भाल्यांच्या आवाजावरून. साऱ्या बेटांचे स्वामी म्हणवणाऱ्या या राजाला अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडापर्यंत जाण्याची मुभा नव्हती.

बांबूचा पडदा सरकला. महाप्रधान काशिमा आत आले. त्यांच्या हाती फर्मान होते, मागे सेवकाजवळ लेखनाची काळी पेटी होती, आणि उंबऱ्याशी दोन वृद्ध अमात्य साक्षीला बसले होते.

"त्सुरुगामीच्या किल्ल्यात मारेकरी तिष्ठत आहेत, महाराज. राजबंधू युकिहितो यांचा देहदंड कागदावर उतरला आहे. आपण फक्त दिवस घालायचा."

रिवाज असा होता, की मजकूर कारकुनाने लिहावा, मोहोर प्रधानाने उमटवावी, पण दिवसाचा आकडा सम्राटाने स्वहस्ते घालावा. त्यावाचून फर्मानाला जीव येत नसे.

"त्याचा अपराध?"

"बंड."

"अपराध एवढाच की तो माझा भाऊ आहे. राजवंशात आम्ही दोघेच उरलो. तुमच्या लेकीला, माझ्या राणीला, दिवस गेले आहेत. नातू जन्मण्याआधी तुम्हाला वाट मोकळी हवी."

काशिमा हसले. "एक आकडा लिहायला इतका वेळ? अशाने नातूच येऊन लिहील! आपला हात आखडला असेल, तर तो धरायला माणसे बाहेर आहेत."

सेइगेत्सुंनी पेटीकडे पाहिले. समारंभाला पेटी पुरी लागते, एक वस्तूही कमी चालत नाही. म्हणून कुंचला, शाई, ती उगाळायचा दगड आणि चुकलेले अक्षर खरवडायची चिमुकली सुरी, सारे जागच्या जागी होते. राजाच्या दालनात पाते येऊ नये म्हणून महिनोन्महिने दाईचा केसांतला काटासुद्धा तपासून आत सोडणाऱ्या प्रधानांना आज हे पाते पाते वाटले नव्हते.

"शिनोबूमाई, केस विंचरा. विस्कटल्या डोक्याने फर्मान लिहीत नाहीत."

कोपऱ्यातली दाई शिनोबू उठून त्यांच्या मागे येऊन बसली. या केसांना पहिले तेल तिनेच लावले होते. तिने अंबाडा सोडला, काळे पाणी पाठीवर उतरले, आणि त्याच क्षणी सेइगेत्सुंनी सुरी उचलली.

"बाळराजे!" ती कुजबुजली. "कागदाची सुरी ती. केस तुटतील, कापले जायचे नाहीत."

"मग तुम्ही घट्ट धरा, माई."

तिने धरले. मूठ सुटली नाही. पाते करकरत गेले, मानेवर रक्ताची रेघ उठली, आणि सम्राटांनी मोठ्या, स्वच्छ आवाजात बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जात असल्याची भिक्षूची शपथ उच्चारली. कापलेले केस फर्मानावर पडले.

"केस पुन्हा वाढतात!" काशिमा गरजले.

"शपथ परत घेता येत नाही," उंबऱ्यावरचे थोरले अमात्य गुडघे सावरत उठले. "भिक्षूला तख्त नाही, तख्त एक रात्रही रिकामे राहत नाही, आणि गर्भातल्या जिवाला मुकुट घालता येत नाही. प्रधानजी, आता त्सुरुगामीला मारेकरी नव्हे, पालखी पाठवावी लागेल."

युकिहितो गादीवर बसले, एवढेच त्यानंतर कानी आले. भिक्षू सेइगेत्सुंना डोंगरातल्या मठात नेले, दारावर पहारे बसले, आणि पहारेकऱ्यांच्या तोंडांना जणू टाके घातलेले होते. राणीला मुलगा झाला की मुलगी? झालाच मुलगा, तर युकिहितो कुठल्या कोठडीत? हिवाळा उलटला, आलुबुखारा फुलून गेला. भिक्षू अंगण झाडत राहिले, दारापर्यंत जाऊन परतत राहिले.

मग एका दुपारी मठाला तांदूळ देण्याचे फर्मान आले. मजकूर त्यांनी वाचलाच नाही. कोपऱ्यातला दिवस तेवढा पाहिला: सात. लहानपणी धाकट्या भावाची मूठ आपल्या मुठीत धरून त्यांनी हे अक्षर गिरवून घेतले होते, आणि त्याची शेपटी दर वेळी मासोळीसारखी वर उडायची.

ती वर उडालेली होती.

भिक्षू हसले, आणि हसता हसता त्यांना तो बांबूचा पडदा दिसला, त्याच्यामागे तोच कुंचला घेऊन बसलेला धाकटा दिसला. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि त्या आकड्यावर, अगदी हलके, हाताची मूठ ठेवली.