मागच्या सीटवरची झोप

माझा धाकटा गाडी हळू चालवायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. हळू म्हणजे किती... शेजारून सायकलवाले पुढे जायचे आणि वर मान वळवून बघायचे, आत कोणी आजारी आहे की काय. पेट्रोल माझं, टायर माझे, आणि हा राजा एका फेरीला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात दुसरा ड्रायव्हर दोन फेऱ्या करून, चहा पिऊन बाकावर पेंगत असायचा. विचारलं तर म्हणे, रस्ता खराब आहे. रस्ता नवा कोरा. मी म्हटलं, रस्ता खराब नाही, चालवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. तो हसला आणि काच पुसायला लागला. आधीच पुसलेली काच.

मी शाळेत फार गेले नाही, पण हा गाड्यांचा धंदा उभा केला तो मी. वैमानिकांना घरून उचलायचं, विमानतळावर सोडायचं, परत आणायचं, हे आमचं मुख्य काम. त्यात एक नवी विमान कंपनी निघाली. विमानं थोडी, तीही छोटी, रंग मात्र असा की डोळे दिपावेत. तिचं काम आम्हाला मिळालं. त्या कंपनीत एक वैमानिक मुलगी होती, आणि धाकट्याचा रस्ता खराब व्हायचा तो फक्त तिच्या फेरीला.

त्यांची गाठ पडली तीही माझ्याच नियमामुळे. रोज सकाळी मी प्रत्येक ड्रायव्हरचे डोळे बघते. लाल दिसले, की किल्ली काढून घेते. मग तो कितीही हातापाया पडो, त्या दिवशी त्याला गाडी नाही. एका पावसाळी सकाळी एकाचे डोळे टोमॅटोसारखे दिसले, म्हणून मी धाकट्याला पाठवलं. एरवी तो गॅरेज बघतो.

तो छत्री घेऊन इमारतीच्या दारात उभा. आतून एक चणीनं लहान मुलगी आली, अंगावर रेनकोट, हातात चाकांची बॅग. आमच्या शहाण्यानं तिला सांगितलं, वैमानिक साहेब अजून खाली आले नाहीत, तुम्ही आत बसून घ्या, उगीच भिजाल. ती बसली. हा बाहेर पावसात उभा... जिन्याकडे डोळे लावून. बऱ्याच वेळानं मागची काच थोडी खाली आली.

"निघू या का?"

"साहेब आले की लगेच."

"साहेब कधीच्या बसल्यात," ती म्हणाली. "रेनकोटच्या आत आहेत."

हे त्यानं घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाला. मोठी सून पोट धरून हसली. मी हसले नाही. मला तेव्हाच वास आला होता.

पुढे त्या मुलीच्या फेरीला दुसरा कोणी जायचा प्रश्नच उरला नाही. एकदा मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तर मी मुद्दाम तिच्याच वेळेला त्याच गाडीत पुढे बसले. आधी ती जाईल, मग मी. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ती मागे बसली, नमस्कार केला, गुडघ्याची चौकशी केली. मी इकडचं तिकडचं बोलत नाही. सरळ विचारलं, पगार किती मिळतो तुला. धाकट्यानं गिअर चुकवला. गाडीनं आचका दिला.

ती रागावली नाही. म्हणाली, "जुन्या कंपनीपेक्षा कमी, काकू."

मग सोडलीस कशाला, म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत सांगायला लागली. तिथं महिन्यातल्या अर्ध्या रात्री हॉटेलात जायच्या. सकाळी डोळे उघडले की आधी आठवायला लागायचं, गाव कुठलं आणि बाथरूमचं दार कुठल्या बाजूला. "इथं विमानं छोटी आहेत, जातात आणि परत येतात. संध्याकाळी मी घरी असते. उशी माझी असते." आणि दुसरं म्हणजे कॅप्टन व्हायला तिथं इतकी लांब रांग, की केस पिकायचे. नव्या कंपनीला कॅप्टन हवे होते. मग पगारही वाढणार होता. इथं काही तासांचा पगार ठरलेला, विमान उडो न उडो. त्यावर जितकं जास्त उडाल तितके जास्त.

विमान उभं राहिलं तरी पगार... माझ्या गाड्या उभ्या राहतात तेव्हा मला कोण देतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला दुसरंच जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, आमच्यात डोळे मी बघते. तुमच्यात कोण बघतं?

"आमचे आम्हीच. आज मी ठीक नाही, असं आपणच सांगायचं असतं. पैसे कापत नाहीत, पण साहेब लोक जरा तोंड वाकडं करतात. तरी मी दोनदा सांगितलंय."

मला ते आवडलं. आवडल्याचं मी दाखवलं नाही.

मग तिनं आरशाकडे बघितलं. "काकू, तुमचे चिरंजीव फार सावकाश चालवतात."

"मॅडमना धक्का बसू नये म्हणून," आरशातून उत्तर आलं.

"ढगातून जाताना मला धक्के बसत नाहीत वाटतं?"

"तिथं मी नसतो ना..."

 काचेवर पावसाची बारीक रेघ उतरत होती, वायपर उगीचच फिरत होते. ती बाहेर बघत होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसत होती. तो समोर बघत होता, पण... जाऊ दे. मी आई आहे, मला सगळं दिसतं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. माणसांनी निदान एवढी तरी सभ्यता पाळावी.

परतताना त्यानं सगळं ओकलं. येताना ती दमलेली असते, गाडीत बसल्या बसल्या झोपते. लवकर पोचलो तर लवकर उठवावं लागतं. म्हणून तो गाडी हळू चालवायचा. कधी कधी तिच्या इमारतीखाली इंजिन बंद करून नुसता बसून राहायचा, ती आपणहून जागी होईपर्यंत. एकदा जागी होऊन ती म्हणाली होती, मला उठवलं का नाहीस? हा म्हणाला, गाडीत काहीतरी बिघाड झाला होता. काय बिघाड? तर म्हणे, हॉर्न वाजत नव्हता. त्या दिवसापासून ती त्याला तू म्हणायला लागली, आणि यानंही मॅडम सोडलं; आजचं मॅडम फक्त माझ्यासाठी होतं.

मला वाटलं, पोरगा वेडा आहे, पण वाईट नाही.

पुढे तिचं कॅप्टनचं शिक्षण सुरू झालं. विमानात बसायच्या आधी एका खोट्या विमानात शिकवतात. खोलीएवढं यंत्र, आत सगळी बटणं खरी, आणि मुद्दाम इंजिन बंद पाडतात, आग लावतात, बघायला की माणूस घाबरतो की नाही. नव्या कंपनीकडे ते यंत्र नव्हतं. दुसऱ्यांचं भाड्यानं घ्यायचं, म्हणजे बाकीच्यांना नको असतील त्या वेळा हिच्या वाट्याला. पोरगी निम्मी झाली. डोळ्यांखाली काळं आलं. पण पास झाली.

शेवटची परीक्षा राहिली, खऱ्या विमानात, परीक्षक शेजारी बसवून. हा परीक्षकही उसना आणलेला, थोड्या दिवसांचा पाहुणा. तो गेला की पुन्हा कधी येईल ते कंपनीलाही ठाऊक नाही. आणि त्यांच्यात एक भारी प्रकार असतो. आधी कोण कॅप्टन झालं, त्याप्रमाणे रांग लागते, आणि ती रांग नोकरी संपेपर्यंत मोडत नाही. सुट्टी कोणाला, संध्याकाळी घरी कोण, बाहेरगावी कोण, सगळं त्या रांगेवर. म्हणजे ज्या उशीसाठी तिनं पगार सोडला होता, ती उशी त्या एका दिवसावर टांगलेली.

त्या दिवशी दुपारी धाकट्यानंच तिला उचललं. ती म्हणाली, फोन पुढे चार्जिंगला लाव, मी थोडा वेळ डोळे मिटते, गजर लावलाय, तेवढी झोप मला पुरते. विमानतळाच्या अलीकडे गजर झाला. यानं मागे बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, लहान मुलासारखी. यानं गजर बंद केला. गाडी कडेला घेतली. पाच मिनिटं अजून, एवढंच, ताजी होऊन गेली तर परीक्षा चांगली देईल, असं त्याच्या मनात. पाच मिनिटांनी गाडी सुरू केली तोवर पाऊस वाढला होता, आणि विमानतळाच्या फाटकावर गाड्यांची ही एवढी रांग.

ती पोचली तेव्हा तिच्या जागी दुसरा बसला होता. विमान कोणासाठी थांबत नाही.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं ते एवढंच, की मोठ्या सुनेला त्या मुलीचा फोन आला, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाठवा. आणि धाकटा ताटावरून तसाच उठला. मी वाट बघितली. मुलं आपणहून बोलतात, फक्त आपण त्यांच्याकडे बघायचं नसतं. पण त्याच्या आधी कंपनीच्या माणसाचाच फोन आला, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता तो माझं कौतुक करायला लागला. तुमच्या गाड्या कधी उशिरा येत नाहीत हो, आमचीच माणसं... बघा ना, ती मुलगी ऐन परीक्षेच्या दिवशी उशिरा आली, म्हणाली झोप लागली, माझीच चूक. गाडीनं उशीर केला म्हणाली असती तर लगेच दुसरा दिवस दिला असता. आता नाव यादीच्या तळाला.

मी फोन ठेवला आणि धाकट्याला समोर बसवलं. सगळं ऐकलं. ऐकून मोठी सून हळूच म्हणाली, लाल डोळे दिसले की किल्ली काढून घ्यायची, हे त्यानं कोणाकडून उचललं असेल? मी म्हटलं, गाडी माझी असते म्हणून मी किल्ली काढून घेते. ते विमान काय याच्या बापाचं होतं?

त्या मुलीनं चूक स्वतःवर घेतली होती ती आमचं काम जाऊ नये म्हणून. धाकटा म्हणाला, मी जाऊन खरं सांगतो, पण कंत्राट तुझ्या नावावर आहे. तुला विचारल्याशिवाय कसा जाऊ...

मी रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, मला एवढा विचार करावा लागला नाही. म्हटलं, त्या कंत्राटावर या घरात दोन चुली चालतात, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण एका पोरीनं तोंड शिवून घेतलंय म्हणून आमची चूल पेटते, असं कोणी म्हणायला नको. जा.

तो गेला. सांगून आला. कंपनीनं अर्धं काम काढून दुसऱ्या गाडीवाल्याला दिलं, आणि धाकट्यानं वैमानिकांना न्यायचं नाही, असा हुकूम केला. त्या माणसानं फोनवर माझी समजूत घालायला सुरुवात केली, तर मी म्हटलं, समजूत नको, उरलेल्या अर्ध्या कामाच्या वेळा सांगा. मुलीला मात्र परीक्षक जायच्या आधीची एक तारीख मिळाली.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा पत्ता नव्हता. धाकटा गॅरेजमध्ये चाकं खोलायचा, बसवायचा, पुन्हा खोलायचा. 

मग एका दुपारी ती आली. चालत, छत्री नाही, केसांवर पावसाचे थेंब. खांद्यावर चार पट्टे. आधी तीन असायचे, चौथा कॅप्टनचा. मी दारात खुर्ची टाकून बसले होते, मला वाकून नमस्कार केला आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो हातातला पाना खाली ठेवायचाच विसरला.

"गजर का बंद केलास?"

"दमली होतीस तू..."

"ते मला माहीत होतं. तरी विमान चालवता येईल की नाही, हेही मलाच माहीत होतं. तुझ्या गाडीत मला डोळे मिटता येत होते, रे. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मी कधी झोपले नाही." तिनं केसांवरचं पाणी झटकलं. "तेवढंच तू मोडलंस."

तो म्हणाला, चुकलं. नुसतं तेवढंच, पुढे काही जोडलं नाही. ते मला बरं वाटलं.

"ऑफिसात जाऊन सांगितलंस, ते चांगलं केलंस. ते तुझं होतं, तूच सांगायला हवं होतं." ती बोटानं गाडीच्या ओल्या टपावर रेघ ओढत राहिली. "आता मी माझं सांगते. मला तू आवडतोस. पाऊस, छत्री आणि ते तुझं साहेब अजून आले नाहीत... त्या दिवसापासून. तुझं काय?"

कोणताही धड मुलगा असता तर पाना टाकून दिला असता. हा मान खाली घालून बोलायला लागला. तू आता कॅप्टन झालीस. तुझा पगार केवढा, माझं होतं त्यातलंही अर्धं काम गेलं. चार माणसांत नवरा काय करतो विचारलं तर काय सांगशील? तुला तुझ्या तोलामोलाचा मिळेल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

 तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. पर्स खांद्यावर नीट केली आणि वळली.

मी उठले. गुडघा कुरकुरला, म्हटलं कुरकुर, नंतर बघते तुला. तिचा हात धरून तिला तिथंच थांबवलं आणि धाकट्याला म्हटलं, "गजर बंद केलास तेव्हाही तिचं भलंच करायला निघाला होतास. तिची झोप तिला कळते, तिचं विमान तिला कळतं, तिचा पगार तिला कळतो, आणि नवरा कोण करायचा हेही तिचं तिला कळतं. तुझ्यासारख्याला पसंत करणं हा मूर्खपणा असेलही, पण तो तिचा आहे, तिला करू दे. तुला आवडते ना? मग तू फक्त हो म्हण."