मैदानाची निधनवार्ता

"निधनवार्ता द्यायची आहे," तो दारातूनच म्हणाला. हातातली छत्री कुठे टेकवावी ते त्याला कळेना, आणि तिचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

तिनं मान वर केली नाही. "जाहिराती वर. हे तळघर. इथे वर्तमानपत्राचे जुने फोटो राहतात... आणि मी."

"वरूनच आलो. फोटो हवा म्हणाले."

"कोण गेलं?"

"मैदान. फुटबॉलचं... काचकारखान्यामागचं. सोमवारी शेवटची पायरीसुद्धा उखडली."

आता मात्र तिनं मान वर केली. समोरचा माणूस वेडा आहे की देखणा, हे सावकाश ठरवायचं असतं. तिनं दोन्ही एकदमच ठरवून टाकलं, आणि तिथेच घोडचूक झाली.

अडचण अशी की फोटोंच्या पाकिटांवर नावं होती ती खेळाडूंची. मैदान म्हणजे फोटोत कुणाच्या तरी कानामागे उरलेली जागा. एक मैदान शोधायचं तर सगळे खेळाडू उपसायला हवेत. मग तो दर गुरुवारी काम आटोपून येऊ लागला. दंतवैद्यांसाठी तो खोटे दात घडवायचा. गुडघा दगा देईपर्यंत गोलरक्षक होता, म्हणून तिनं त्याला 'गोली' करून टाकलं.

खालून उजेड येणारं काचेचं टेबल, व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारी जुनी फिल्म, एकच भिंग आणि दोन डोकी.

"सरक की जरा."

"सरकलो तर दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"...गोलपोस्ट."

ती गालात हसायची. तो मात्र खरोखरच गोलपोस्ट बघत असायचा.

"हे बघ... पावसात या डाव्या कोपऱ्याचं तळं व्हायचं. चेंडू तरंगायचा. आणि ही लाकडी गॅलरी... गोल झाला की पोरं नाचायची नि ही करकरायची." सुती हातमोजा घातलेलं बोट तो त्या गॅलरीवरून इतक्या हळुवार फिरवायचा, की तिला चक्क लाकडाचा हेवा वाटायचा.

काचकारखान्यामागचं मैदान असं तुकड्यातुकड्यानं, अख्खं मात्र पावसाळा सरता सरता सापडलं. निधनवार्ता छापूनही आली. वाचकांनी थट्टा समजून कात्रणं काढली. तरी तो येतच राहिला. गावातली बाकीची गेलेली मैदानंही बघायची होती म्हणे. ते 'म्हणे' तिनं आपल्या बाजूला जमा धरलं. कुणीही धरलं असतं.

"बोलतो काय तुझ्याशी?" घरी तिच्या ताईनं भांडी विसळता विसळता विचारलं.

"मैदानांबद्दल."

"आणि तुझ्याबद्दल?"

"...अजून तिथवर आला नाहीये."

"मग तू स्वतःवर बुलडोझर फिरवून घे बाई. पाडलेल्यांवरच जीव दिसतोय त्याचा."

हट्टानं तिनं नव्या स्टेडियमची दोन तिकिटं आणली. त्यानं ती हातात घेतली, उलटून पाहिली, कसंनुसं हसून परत दिली. "तिथे काय बघायचं? सगळं जागच्या जागी तर आहे."

हिवाळ्यात मालकांनी फोटोंचा सगळा संग्रह दुसऱ्या शहरातल्या गोदामात हलवायचं ठरवलं. संग्रहाबरोबर तिलाही. गुरुवारी तिनं ते सहज सांगावं तसं सांगितलं, खोकं बांधता बांधता.

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. खोकी उचलायला, असं म्हणायचा. उचलायचा एक, आणि बघत बसायचा तिला.

"फिल्मवर फुंकर मारताना डोळे मिटतेस तू."

"धूळ जाते डोळ्यांत."

"आणि लाजलीस की पेन्सिल शोधतेस. कानावरच असते ती."

हे सगळं त्याला दिसत होतं तर. ती रात्री कूस बदलत राहायची. निघायची तारीख पुढे ढकलता येईल का, बदली नाकारता येईल का... त्यानं एकदा म्हणावं फक्त.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला. रिकाम्या रॅकला पाठ टेकून, ओला रुमाल मुठीत चुरगाळत. "मला तू... आवडतेस. खूप. झोप येत नाही."

क्षणभर सगळं जुळून आलं होतं. पण तिला जात्याच खोदून विचारायची खोड.

"मग पावसाळ्यात का नाही बोललास रे? मी तर वाटच बघत होते."

दात सोडले तर तो खोट्याच्या वाटेला जात नसे.

"पावसाळ्यात तू होतीस ना," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. त्याचा चेहरा उतरला. ती मात्र रागावली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"मी नाही गेले तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर... छानच की." तो हसायला गेला. ते हसू तिनं पाहिलं होतं. तिकिटं परत करताना.

ट्रकमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसली. अवकाळी पाऊस भुरभुरत होता. बाहेरच्या आरशात तो फाटकाशी भिजत उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती, इतकी, की ड्रायव्हरलाही राहवलं नाही.

"ताई, थांबवू का जरा? बघा तरी कसा बघतोय."

"नको दादा," ती म्हणाली. "थांबलो तर बघायचा थांबेल."