बंकट कासाराची झांज

२०१३च्या उन्हाळ्यात कड्याजवळच्या आमच्या गावात सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं होतं. पाऊसच नव्हता, तर खत कोण उचलणार? आमच्या बँडला तालमीसाठी ती जागा मिळाली. मी ड्रम वाजवायचो, सिदू ट्रम्पेट.

त्याच साली पाटोद्याच्या बंकट कासारानं मला स्टँडवर लावायची मोठी झांज घडवून दिली. काशाची, बावीस इंची, हातोडीचा ठोका न ठोका अंगावर दिसणारी. बाजारातल्या झांजांवरून काडी ताठ उसळते. हिच्यावर ती सुखानं टेकून परत यायची, मनगटाला काही करावंच लागत नसे. काडीच्या टोकानं वाजवली की स्वच्छ ‘टिंग’, आणि मागून बारीक घुमारा. तो बराच वेळ विरत नसे.

पहिल्याच दुपारी घुमारा चालू असतानाच आणखी एक ‘टिंग’ ऐकू आली. गोदामामागच्या विहिरीतून. विहीर चाळीस हात खोल, तळाला भेगा पडलेल्या. प्रतिध्वनी असेल म्हणून मी सोडून दिलं.

पण ठेका मोजायची मला सवय. पहिल्या दिवशी तो आवाज चार मात्रांनी आला. आठवड्यानं दोन मात्रांनी. मग माझ्या काडीच्या बरोबरच.

सिदूलाही तो ऐकू येत होता. खाली उतरून बघतो म्हणाला. मी नको म्हणालो, तर हसला.

“कोरड्या हिरीला काय भ्यायचं बे? तू वाजवत राह्य.”

काठावरच्या खांबाला नि कमरेला दोर बांधून तो उतरला. ऊन डोक्यावर होतं. गोदामाचं मागचं दार उघडं ठेवून मी स्टँडपाशी बसलो. विहीर तिथून दहा पावलांवर.

काडी उचलली. ती खाली यायच्या आतच विहिरीतून आवाज आला.

पुन्हा उचलली. पुन्हा तसंच.

मग मी दोन्ही काड्या मांडीवर ठेवल्या.

विहिरीत ठेका चालूच राहिला. तिसऱ्या मात्रेला मी जरासा रेंगाळतो. तोही रेंगाळत होता.

मी धावलो, हाका मारल्या, हात सोलवटेपर्यंत दोर ओढला. सिदू वर आला. अंगभर धूळ, खरचटलंसुद्धा नव्हतं. माझ्याकडे बघून तो दोन पावलं मागं सरला.

“तू वर कवा आलास?”

मी वरच होतो, असं सांगितलं.

“न्हाई. माझ्या बाजूला बसून वाजवत होतास. लई येळ. हाक मारली तर मान वर केली न्हाईस.”

विहिरीत आता शांत होतं.

दुसऱ्या दिवशी मी झांज बंकटला परत देऊन आलो. तिथून पुढं तो आवाज कुणी ऐकला नाही.

सिदू अजून आमच्याच बँडमध्ये आहे. फक्त तालमीला बसण्याआधी तो दर वेळी मला माझ्या आईचं नाव विचारतो. मी सांगतो, मग तो ट्रम्पेट उचलतो.

परवा ते मला लवकर आठवलं नाही.