वेळ कोणी सांगितली?

मोबाईल खिशात घाला आधी. तुम्ही पोरं उद्यापासून कॅज्युअल्टीत एकट्यानं ड्यूटी करणार, म्हणून सांगतो. चाळीस वर्षं वॉर्डबॉय होतो मी. रात्री-अपरात्री मुडदे ढकललेत, एकही उठून बसला नाही. पण हे आमच्या डॉक्टरसाहेबांच्या बाबतीत घडलं, आणि तो माणूस थापाड्या नव्हता.

जानेवारीतला गुरुवार. रात्रीचे नऊ चाळीस. साहेब डबा उघडणार, तोच ॲम्ब्युलन्स आली. साठी उलटलेला माणूस, शेजाऱ्यानं फोन करून पाठवलेला. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. साहेबांनी झरझर सगळं केलं. हात उचलायला लावले, साखर बघितली, स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता. म्हणजे लकवा, मेंदूत गुठळी अडकलेली. ती विरघळवायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये तयार.

आता खरी गोम ऐका. ते इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. वेळेत दिलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सगळ्यात आधी विचारायचं, हा शेवटचा धडधाकट कधी होता?

उशाशी एक बाई उभी होती. बारीक चणीची, शांत.

"तुम्ही कोण, मावशी?"

"ह्यांची बायको."

"हे नीट कधी होते? आठवून सांगा, ह्यांचा जीव त्यावर आहे."

"आठ वाजता. माझ्याशी बोलले की! छान बोलले."

साहेबांना हायसं वाटलं. दोन तासही झाले नव्हते! पेशंट मात्र डावा हात गादीवर आपटायला लागला. डोळे साहेबांवर खिळलेले. "न... न..." एवढंच तोंडातून येत होतं.

"घाबरू नका बाबा," साहेब म्हणाले, "वाचा येईल परत."

दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. घाईत राहून गेलं.

दहाला इंजेक्शन सुरू झालं.

पावणेअकरा. पेशंट ओकला.

मग डोळे फिरले...

साहेबांनी इंजेक्शन बंद केलं. पुन्हा स्कॅन. डोक्यात रक्तच रक्त.

"त्या मावशींना बोलवा," साहेब म्हणाले.

ड्यूटीवरच्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"कोण मावशी, सर?"

"अरे, पेशंटची बायको!"

"सर... पेशंटबरोबर कोणीच आलं नव्हतं."

साडेअकराला मुलगा धापा टाकत आला. साहेबांनी त्याला आईबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आईला जाऊन दोन वर्षं झाली, डॉक्टर. बाबा एकटेच राहतात. दुपारी बारालाच फोनवर जीभ अडखळत होती त्यांची... मला वाटलं, झोपेतून उठलेत. मी फोन ठेवून दिला हो!"

सव्वाबाराला माणूस गेला.

त्यानंतर साहेबांनी ते इंजेक्शन कधीच कोणाला दिलं नाही. ज्यांना द्यायला हवं होतं, त्यांनाही नाही. काही जण लुळे राहिले, काही गेले. साहेबांना ते कळत होतं, पण हात पुढे व्हायचा नाही. शेवटी नोकरी सोडली.

पण त्या रात्रीचं राहिलं सांगायचं. ब्रदर नळ्या काढत होता. मध्येच थांबला.

"सर... हे बघा."

उजवा हात. लुळा पडलेला. सलाइन, बीपीचा पट्टा, सगळं डाव्या हाताला होतं. उजव्याला कोणी शिवलंही नव्हतं. आणि मनगटावर काळेनिळे वळ. चार बोटं... आणि एक अंगठा.

ते इंजेक्शन दिल्यावर रक्त गोठत नाही, पोरांनो. कोणी जरा घट्ट धरलं तरी वळ उठतो. ब्रदरनं आपली बोटं त्या वळांवर ठेवून पाहिली. मुलानं पाहिली. मग साहेबांनी.

वळ लहान होते. बाईच्या हाताचे.