आधार नसलेलं उदाहरण

अकरा वर्षं चाललेल्या इंग्रजी-मराठी कोशाची शेवटची शंभरेक कार्डं उरली होती. संपादक बाई रोज सगळ्यांच्या आधी कचेरीत येत. कामात त्या नाकावर माशी बसू देत नसत. प्रत्येक शब्दाच्या कार्डावर वापराचं उदाहरण हवं, ते छापील पुस्तकातलंच हवं आणि खाली त्याचा आधार हवा, म्हणजे पुस्तकाचं नाव आणि पान. आधार नसला की लाल पेन्सिलीची काट आणि शेजारी बाईंची सही. हा नियम त्यांचाच.

त्या सकाळी 'ऑमिनस' या शब्दाचं कार्ड हाती आलं. अर्थ त्यांनी आदल्या दिवशी झोकात लिहिला होता: 'अनिष्टाची चाहूल देणारा. जे भीषण, ते समोर उभं असतं. हे अजून यायचं असतं. ढग, शांतता, पावलांचा आवाज यांना लावतात.' उदाहरणाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. आता तिथे एक वाक्य होतं.

'टेबलाखाली पडलेला चष्मा ऑमिनस दिसत होता.'

अक्षर बाईंचंच. आधार नाही.

"वय झालं म्हणायचं," असं पुटपुटत त्यांनी समोर पाहिलं. मुद्रितं तपासणारे काका अजून आले नव्हते. बाई वाकल्या. काकांचा चष्मा खरंच टेबलाखाली पडला होता. काल विसरले असणार, दुसरं काय!

दहा मिनिटांत काकांच्या सुनेचा फोन आला. चष्म्याशिवाय निघाले, पायरी दिसली नाही, जिन्यावरून पडले. दवाखान्यात नेलंय, शुद्ध नाही.

बाईंनी फोन ठेवला. योगायोग, त्यांनी स्वतःला बजावलं, आणि कार्ड बाजूला सारायला हात पुढे केला. पहिल्या वाक्याखाली दुसरं उमटलं होतं. शाई अजून ओली होती.

'डोंगरातल्या वळणावर उतरलेलं धुकं ऑमिनस होतं.'

त्यांच्या काळजात चर्र झालं. धाकटी बहीण प्रवासी बस चालवायची. याच वेळी तिची गाडी डोंगर चढत असे. बाईंनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

आणि मग त्यांना संताप आला. अकरा वर्षांत त्या इतक्या चिडल्या नव्हत्या.

"माझ्या कोशात? माझ्या अक्षरात? आणि आधाराशिवाय?"

त्यांनी लाल पेन्सिल उचलली. पहिल्या वाक्यावर काट, सही. दुसऱ्यावर इतकी दाबून काट मारली की टोक मोडलं. सही.

फोन वाजला.

"ताई, कशाला एवढे फोन? अगं, वळणावर हे एवढं धुकं! हातभर पुढचं दिसेना. आणि एकदम फाटलं बघ, कुणी फरकन ओढून घ्यावं तसं. समोर दरड पडलेली! चाळीस माणसं होती गाडीत."

बाईंच्या जिवात जीव आला. पाठोपाठ सुनेचा फोन: काका शुद्धीवर आलेत, आल्या आल्या चष्मा मागतायत. बाई रडल्या, हसल्या आणि रिकाम्या कचेरीत टेबलावर मूठ आपटून मोठ्यांदा म्हणाल्या, "बाद!"

कोश छापून झाला. प्रकाशनाला दुपारी सभागृह भरून गेलं. काका काठी टेकत आले आणि माइकवरून म्हणाले, "या बाईंच्या पेन्सिलीपुढे यमाचीही टाप नाही." टाळ्या थांबेनात. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. पहिल्या रांगेत त्यांनी धाकटीसाठी खुर्ची राखून ठेवली होती. "फेरी संपवून येतेच, ताई," असं ती सकाळी म्हणाली होती.

टाळ्या चालू असतानाच बाईंनी कोश उघडला, 'ऑमिनस'चं पान काढलं. उदाहरणाची जागा त्यांनी रिकामीच छापायला दिली होती.

'टाळ्यांच्या गजरात पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची ऑमिनस दिसत होती.'

या खेपेला खाली आधार होता: प्रस्तुत कोश, पृष्ठ ६१२.

बाईंनी पानाचा आकडा पाहिला. ६१२.

नियमात चोख बसत होतं. दोन हजार प्रती बांधून तयार होत्या, आणि खुर्ची अजून रिकामी होती.