झेंडूच्या मुळांचा रस

कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, तर एक अनोळखी माणूस आमच्या पिंपात डोकं घालून उभा!

"काय हरवलंय पिंपात?" मी ओरडले.

त्याने डोकं वर काढलं. चष्म्यावर पाणी, हातात गाळणी. "डासांच्या अळ्या शोधतोय."

"आमच्या घरात डास नाहीत."

"डास नसतील... पोरंबाळं मात्र भरपूर आहेत त्यांची."

असा राग आला म्हणता! हसूही आलं, ते दाबलं.

तो प्रयोगशाळेतला. झेंडूच्या मुळांचा रस काढून अळ्या मारायच्या, हा त्याचा उद्योग. आईला विचारून त्याने पायरीवर दोन काचेची भांडी मांडली. एकात रस घातलेलं पाणी, एकात साधं. दोन्हींत वीस-वीस अळ्या. "हलवू नका हं," म्हणाला. दर दोन दिवसांनी नव्या अळ्या, आणि रोज सकाळी मोजणी. मोजणीला तासभर लागायचा.

"मोजता येत नाही वाटतं?"

"येतं हो... पण मध्येच कुणीतरी समोरून जातं, की पुन्हा पहिल्यापासून."

मी बादली आपटून आत गेले. आणि खिडकीतून बघत बसले.

तीन आठवडे झाले, एक अळी मरेना. शेवटी त्याचे साहेब आले.

"बंद कर हे. आणि दुसरीकडे नोकरी बघ."

त्याचा चेहरा असा उतरला, की मी खिडकी सोडून बाहेर आले.

"पण साहेब, उन्हात हा रस मारतोच," तो पुटपुटला. "ऊन लागलं तरच मारतो..."

ऊन! मी पायरीवरच्या भांड्यांकडे बघितलं. चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. तरी म्हणाले, "तुम्ही गेलात की भांडी मी सावलीत न्यायचे. सकाळी पुन्हा जागेवर."

साहेब बघतच राहिले.

"का?" त्याने विचारलं.

"उन्हानं... तुमची मेहनत आटून जाईल म्हणून."

त्याचे कान लाल झाले. रागावायचंच विसरला!

साहेबांनी दोन दिवस दिले. भांडी उन्हात, मी हात मागे बांधून लांब. दुसऱ्या दुपारी रसातल्या विसाच्या वीस अळ्या तळाशी पडलेल्या. साध्या पाण्यातल्या मजेत वळवळत होत्या.

संध्याकाळी तो धापा टाकत आला. "नोकरी राहिली! आता इथलं काम संपलं."

"बरं मग," मी म्हटलं. आणि दोरीवरचे कपडे ओढायला लागले.

"म्हणजे... अळ्यांचं संपलं. आता जरा तुमच्या आईंशी काम आहे."

मी मान वळवली, नाहीतर हसू दिसलं असतं.

"आई आत आहे. पाय धुऊन जा."